फलकावरची तिसरी ओळ

मिठाच्या सत्याग्रहाला दोन वर्षे उलटून गेल्यावर, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, आमच्या गावच्या वाचनालयाच्या पटांगणात, मुंबईच्या मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा सत्कार म्हणून त्यांच्या भावाच्या खांद्यावर शेला घालण्यात आला. बाई त्या वेळी तिथून पंचवीस पावलांवर, बायकांसाठी अंथरलेल्या जाजमावर बसल्या होत्या. जिवंत होत्या. ठणठणीत होत्या. त्यासाठीच सकाळच्या बोटीने आल्या होत्या.

वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण घड्याळ माझ्या हातात होते. सत्कार समितीचा चिटणीस मीच होतो.

अन्याय बाईंवर झाला, भावावर नाही, गावावर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही, हे आधीच लिहून टाकतो. कारण पुढच्या चार-पाच वर्षांत मला असे लोक भेटले आहेत की ज्यांच्या मते त्या दिवशी खरा त्रास वाचनालयाच्या अध्यक्षांना, रावसाहेबांना झाला, कारण समारंभात कुणीतरी ओरडले.

नावे मी कुणाचीच घालत नाही. तिघा सत्कारमूर्तींपैकी दोघांची नावे वाचनालयातल्या सागवानी फलकावर आहेतच. तिसरे नाव घालायचे तर ते या कागदावर घालून काय उपयोग? ते तिथे हवे. सगळा तंटा त्या एका ओळीचा आहे.

त्या वर्षी आमच्या गावाला उचक्या लागाव्यात इतकी त्याची आठवण मुंबईच्या वर्तमानपत्रांत निघत होती. एकाच कॉलेजातले तीन प्राध्यापक, आणि तिघेही मूळचे आमच्या गावचे. पहिले, रोगचिकित्सा शिकवणारे वयस्क गृहस्थ. त्यांचा हिवतापावरचा निबंध विलायतेतल्या वैद्यकाच्या मासिकात छापून आला होता. दुसरे तरुण, डोळ्यांचे डॉक्टर; विलायतेची शस्त्रक्रियेची वरची पदवी घेऊन आले आणि आल्या आल्या कॉलेजात शिकवायला लागले. तिसऱ्या या बाई. त्यांच्याकडे त्या वर्षी प्रसूती विभाग सोपवला गेला, आणि त्यांनी सुईणींसाठी सोप्या मराठीत लिहिलेले पुस्तक कॉलेजाने स्वतः छापले. माझ्या मते तिघांत मोठे काम तेच होते. हिवतापावरचा निबंध आमच्या गावात कुणी वाचला नाही. बाईंचे पुस्तक वाचनालयात आले तेव्हा कपाटात चढायच्या आधीच बायकांच्या पदराखालून घरोघर फिरून आले. परत आले तेव्हा त्याला हळदीचे डाग होते.

सत्काराची कल्पना रावसाहेबांची. रावसाहेब म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मामलेदार. माणूस वाईट नव्हे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसांविरुद्ध पत्रक काढणे सोपे असते. समितीत ते, देवळाचे उपाध्ये असलेले भटजी, बाईंचे थोरले भाऊ, आणखी दोघे-तिघे मान डोलावणारे, आणि मी. मला घेतले कारण मला पत्रके लिहिता येत. सत्याग्रहाच्या दिवसांत रेवसपासून चौलपर्यंत जी पत्रके भिंतींवर चिकटली, त्यांतली निम्मी माझ्या हातची. त्याआधी मी विधवांच्या केशवपनाविरुद्ध पत्रके काढली होती, ती बाजारात वाटताना एकदा शेणाचा गोळाही खाल्ला होता. तेव्हा माझे वय बावीस आणि मला वाटे, या विषयात मला कुणी काही शिकवू शकत नाही.

आता माझी करणी सांगतो.

निमंत्रणपत्रिका मी लिहिली. पहिल्या दोघांच्या नावांआधी ‘डॉक्टर’ लिहिले. बाईंच्या नावाआधी लिहिले ‘गं. भा.’, आणि मग ‘डॉक्टर’. गंगा भागीरथी. विधवेच्या नावाआधी लावायची रीत. माझ्या आत्याच्या पत्रावर आम्ही तेच लिहितो, मावशीच्या पत्रावर तेच लिहितो. हात वळणाने चालला. छापखान्यात जुळारी खिळे लावता लावता थांबला. म्हणाला, “चिटणीस, एका माणसाला दोन-दोन मुंडासी कशाला? नुसतं डॉक्टर ठेवू का?”

“नको,” मी म्हणालो. “मान आहे तो. दोन्ही लावा.”

“बरं बाबा, मला काय, खिळे पुष्कळ आहेत,” तो म्हणाला आणि त्याने लावले.

चार दिवसांनी समितीची बैठक. पत्रिका सगळ्यांच्या हातात. भटजींनी चष्मा नाकावर ओढून ती पुन्हा वाचली आणि म्हणाले, “पत्रिका झक्क झाली हो. पण वाचता वाचता मनात आलं, ह्या बाईंचा सत्कार करायचा कसा?”

“म्हणजे?” मी विचारले.

“म्हणजे कसा ते तुम्हीच सांगा. पुरुषाला शेला, पागोटं, नारळ. सवाशिणीला कुंकू लावून खणानारळाने ओटी. आता यांना कुंकू लावता येत नाही. ओटी भरता येत नाही. फुलांचा हार घालायचा तर घालणार कोण आणि घ्यायचा कुणी? उद्या लोक म्हणतील, भटजी पुढे बसून हे कसे बघत राहिले?”

मग रावसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, “खरंच की! अहो, महिनाभर आपण खपतोय, पण डोक्यात आलंच नव्हतं. बाई डॉक्टर आहेत, आपल्या गावच्या आहेत, एवढंच डोक्यात होतं. चिटणीसांच्या पत्रिकेमुळे वेळेवर आठवलं हो!”

हे ते कौतुकाने म्हणाले. माझ्याकडे बघून, मान हलवून, शाबासकी दिल्यासारखे.

महिनाभर त्या माणसांच्या लेखी बाई फक्त डॉक्टर होत्या. अगदी भटजींच्याही लेखी. त्यांना विधवा करून बैठकीत आणून बसवले ते मी. शेण खाल्लेल्या सुधारकाने.

मी भांडलो, नाही असे नाही. “शाल द्या, मानपत्र द्या, कुणी हातात द्यायला तयार नसेल तर मी देतो,” असे म्हणालो. आवाज चढला माझा. भटजी म्हणाले, “तुम्ही द्याल हो. तुम्हाला उद्या कुणाच्या घरी सत्यनारायण सांगायचा नाहीये.” लोक हसले. मग कुणीतरी सुचवले, की भाऊ समितीत आहेतच. बहिणीच्या वतीने भावाने स्वीकारावा. घरचाच माणूस. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

भाऊ आपले सुपारी कातरत बसले होते. त्यांची समुद्राकाठी नारळी-पोफळीची वाडी. पावसाळ्यात शिंपण बंद आणि उन्हाळ्यात चालू, याखेरीज जगात काही बदलते हे त्यांच्या फारसे मनावर नसे. ते म्हणाले, “मला काय, बस म्हणालात तर बसतो. पागोटं मात्र कुणाचं तरी आणा, माझं उंदरांनी खाल्लंय.”

“हे लबाडीचं आहे,” मी म्हणालो.

तेव्हा रावसाहेबांनी मला बाजूला घेतले. शांतपणे म्हणाले, “अरे, खुर्ची काय, तासाभराची. फलक जन्माचा. नवा सागवानी फलक करतोय, तिघांची नावं त्यावर रंगवून घेतोय. तिथे बाईंचंच नाव. माझा शब्द. आजचा दिवस भाऊ बसू दे, उद्याची पोरं फलक वाचतील.”

मला ते पटले. सांगायला लाज वाटते, पण चांगलेच पटले. डावपेच म्हणून पटले. ठरावाला मी हात वर केला. बाईंना मात्र एका अक्षराने कळवले नाही.

रविवारी सकाळी त्यांना आणायला रेवसला गेलो. ओहोटी होती, बोट धक्क्यापर्यंत आली नाही. उतारू होडीत उतरले आणि होडीतून चिखलात. एक काठाची पांढरी साडी नेसलेली, केस नीट विंचरून अंबाडा घातलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई ओचा खोचून, चपला एका हातात आणि चामड्याची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन फचफच चिखल तुडवत आली. मी पिशवी घ्यायला पुढे झालो तर म्हणाल्या, “राहू द्या, आत काचेच्या वस्तू आहेत. तुम्ही पडलात तर मला तुमचं आणि पिशवीचं, दोन्हींचं बघावं लागेल.”

मोटारीत माझ्या शेजारी बसून त्यांनी विचारले, “सुईणी येणार आहेत ना? मी पत्रात लिहिलं होतं.”

“येणार आहेत. कोळीवाड्यातल्या, आगरातल्या, सगळ्यांना निरोप गेलाय.”

“छान. मला किती मिनिटं मिळतील बोलायला?”

“बघू…” मी म्हणालो, “कार्यक्रम जरा भरगच्च आहे.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “तोंडी परीक्षेला मुलांना उत्तर येत नसलं ना, की ती अशीच बोलतात. पाठ केलं नाही म्हणावं, सरळ.”

मी हसलो. दीड तासाचा रस्ता होता. धूळ, मिठागरे, खाडीचा वास, आणि सांगायला पुष्कळ वेळ. मी त्यांना मिठागरांबद्दल सांगितले. सत्याग्रहात मी कुठे उभा होतो ते सांगितले. सगळे सांगितले, तेवढे एक सोडून.

वाचनालयाच्या पटांगणात मांडव, पताका, आंब्याची तोरणे. मांडवाच्या टोकाला चौथऱ्यावर तीन खुर्च्या. आदल्या दिवशीच आलेल्या दोघा प्राध्यापकांना तिकडे नेले. बाई सवयीने त्यांच्यामागून निघाल्या, तर रावसाहेबांची सून पुढे आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, “आत्याबाई, इकडे या, बायकांची बैठक इकडे आहे.” बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितले. मी घड्याळात बघितले.

मग भाऊ उसने पागोटे डोक्यावर सावरत चौथरा चढले आणि तिसऱ्या खुर्चीवर बसले. तेव्हा बाईंना कळले असणार.

स्वागतपर पद झाले. रावसाहेबांचे भाषण झाले. भाषण चांगले होते, कारण त्याचाही मसुदा माझाच. पहिल्या प्राध्यापकांना शेला, श्रीफळ, मानपत्र. दुसऱ्यांना शेला, श्रीफळ, मानपत्र. आणि मग “आमच्या गावच्या विदुषी भगिनींच्या वतीने त्यांचे ज्येष्ठ बंधू” असे म्हणत रावसाहेब तिसऱ्या खुर्चीकडे वळले. मी घड्याळ बघितले. चार वीस.

कुंपणाच्या गडग्यापाशी कोळणी उभ्या होत्या. त्यांतली एक, खांदे पुरुषासारखे, गळ्यात पोवळ्यांची माळ, एकदम ओरडली, “अरं, ह्यो कोन बसलाय खुर्चीव? माजे लेकीचं बालंतपन ह्यानी केलं काय?”

मांडवातल्या माना गडग्याकडे वळल्या.

“अगं बये, शांत राहा,” रावसाहेब म्हणाले.

“मी शांत ऱ्हाते, पन मानूस चुकलंय तुमचं! आडवा पोर व्हता, मंबईला नेली पोरीला, ह्या बायनी सोडवली. ती बग, ती थंय जाजमाव बसलीय. ह्यो तर सुपाऱ्या इकतो!”

आणि मांडव हसला. सगळा मांडव. पुरुष हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, चौथऱ्यावर भाऊसुद्धा हसले आणि म्हणाले, “खरंय हो तिचं, सुपाऱ्याच विकतो.” रावसाहेबही हसले. आणि हसता हसता त्यांनी शेला भावाच्या खांद्यावर घातला.

मी सुन्न झालो ते त्या हसण्याने. तोवर माझी समजूत अशी, की लोकांना कळत नाही, कळवले पाहिजे, म्हणून पत्रके काढायची. त्या क्षणी मी चारशे-पाचशे माणसांच्या तोंडांकडे बघत होतो आणि कळत नाही असे एकही तोंड नव्हते. कोळणीचे म्हणणे प्रत्येकाला पटले होते. पटले, हसू आले, आणि कार्यक्रम पुढे चालू झाला.

त्यानंतर फलकावरचा पडदा दूर केला. सरस्वतीचे चित्र, वेलबुट्टी, लाल-सोनेरी अक्षरे. पहिली ओळ, हिवतापाच्या प्राध्यापकांचे नाव. दुसरी ओळ, डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव. तिसरी ओळ, बाईंच्या भावाचे नाव, ‘श्री.’ लावून, आणि पुढे, ‘यांच्या भगिनी’.

एवढेच. डॉक्टर नाही, विभाग नाही, नाव नाही.

टाळ्या पडल्या. बाई जाजमावरून उठल्या. मला वाटले, निघून जातात. पण त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, उभ्या राहून तिन्ही ओळी सावकाश वाचल्या, चष्मा घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला आणि खाली बसल्या. त्यांना कुणी बोलायला बोलावले नाही. भाऊंना बोलावले. ते म्हणाले, “मी काय बोलणार? सगळ्यांनी जेवूनच जा.”

मांडव मोकळा होताना मी रावसाहेबांना गाठले. “तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता रे. पण भटजी म्हणाले, सरस्वतीच्या चित्राखाली गं. भा. कसं लिहायचं? आणि नुसतं नाव लिहिलं तर पत्रिकेत एक आणि फलकावर एक, असं दिसलं असतं. पत्रिका तर गावभर गेलेली. मग रंगारी म्हणाला, काय ते लवकर सांगा.”

पुन्हा माझी पत्रिका.

मी तिथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते सोड्याच्या बाटलीतली गोळी अंगठ्याने दाबत होते. मला एक गोष्ट ठाऊक होती, की कॉलेजात ते बाईंचे विद्यार्थी होते. मी म्हणालो, “तुमच्या गुरूंच्या जागी सुपारीवाला बसला आणि तुम्ही शेजारी बसून बूट बघत होतात.”

त्यांचा चेहरा उतरला. पण उत्तर त्यांच्याकडे होते. “मी पाहुणा. गावाची रीत काय ते गाव बघणार. तुम्ही चिटणीस होतात ना?” असे म्हणून ते सोडा प्यायले.

बाई वाचनालयाच्या ओटीवर एकट्या उभ्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांच्या हातात माझी पत्रिका होती.

“ही तुम्ही लिहिलीत?”

“हो.”

“माझ्या नावात काना-मात्रेची चूक नाही. पदवीही बरोबर आहे. ही पुढची अक्षरं कुणी घातली?”

“मी.”

“का?”

“मान म्हणून.”

त्यांनी पत्रिकेची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात, एखाद्या रोग्याची हकिगत सांगावी तसे म्हणाल्या, “माझं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अकराव्या वर्षी तो मुलगा वारला. त्याचा चेहरा मला आठवत नाही हो. त्याच्या कानात भिकबाळी होती, तेवढी आठवते. माझ्या हातून किती मुलं जन्मली ते मला सांगता येणार नाही, इतकी आहेत. आणि तुम्ही माझं नाव लिहायला बसलात तेव्हा तुम्हाला आधी तो आठवला.”

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “मी क्षमा करून काय करू? फलक बदला.”

एवढे एकच वाक्य त्या माझ्यावर टाकून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भावाच्या वाडीत, माडांच्या सावलीत, सुईणी गोळा केल्या, पिशवीतल्या काचेच्या वस्तू मांडल्या, आणि नखे कशी कापायची, कात्री पाण्यात किती वेळ उकळायची, नाळेला शेण का लावायचे नाही, ते शिकवले. ओरडणारी कोळीण पुढेच बसली होती आणि बाकीच्यांना दटावत होती, “आयका गो, बाय काय सांगते ती!” भाऊ शहाळी सोलून देत होते. मधेच त्यांनी घरातून तो शेला आणला आणि बहिणीपुढे धरला. “हे तुझं गं. मला म्हणाले बस, मी बसलो. मी विचारलंच नाही काही.”

“ठेव दादा,” बाई म्हणाल्या. “पहाटे शिंपायला उठतोस, पांघरायला होईल.” आणि त्यांनी कात्री पुन्हा पाण्यात टाकली. दुपारच्या भरतीला त्या परत गेल्या. त्यानंतर त्या गावात आलेल्या नाहीत. सुईणी मात्र पाळीपाळीने मुंबईला जातात, बाईंच्या विभागात आठ-आठ दिवस राहतात, आणि शिकून येतात.

आता फलकाचे. पहिल्या वर्षी रावसाहेब म्हणाले, रंग ओला असता तर पुसला असता, आता वाळला. दुसऱ्या वर्षी म्हणाले, एक ओळ खरवडली तर वेलबुट्टी बिघडेल. त्याच वर्षी भटजींची सून अडली. भटजींनी स्वतः तिला रेवसहून बोटीत घातले आणि बाईंकडे नेले. सून वाचली, नातू वाचला. परत आल्यावर भटजी बाजारात पाच माणसांना थांबवून बाईंच्या हातांचे वर्णन करत होते, डोळ्यांत पाणी आणून. मी तिथेच म्हणालो, “मग आता फलकाला तुमचा पाठिंबा धरू ना?”

ते खरोखर आश्चर्याने म्हणाले, “त्याचा आणि फलकाचा काय संबंध?”

मी वाचकांना खात्रीने सांगतो, त्यांना संबंध दिसत नव्हता. ते सोंग करत नव्हते. त्याचाच मला धसका बसला आहे.

गेल्या वार्षिक सभेत मी रीतसर ठराव आणला: तिसरी ओळ खरवडून तिथे बाईंचे स्वतःचे नाव, आधी ‘डॉक्टर’, आणि त्याआधी काहीही नाही. ठराव वाचताना मी पत्रिकेची चूक माझी होती हेही सांगितले. मग मतदान झाले. ठरावाच्या बाजूने तीन हात वर झाले. एक माझा, एक जुळाऱ्याचा, आणि तिसरा भाऊंचा. हो, भाऊंचा. स्वतःचे नाव पुसावे म्हणून हात वर करणारा तो एकच माणूस मी पाहिला. बाकीची सभा जाजमाच्या विणीकडे बघत होती. आणि सभा संपल्यावर जोडे घालताना, कोपऱ्यावर, विहिरीपाशी, एकेक करून माणसे मला गाठून म्हणाली, “तुझं अगदी बरोबर होतं हो.” मोजली नाहीत, पण ठराव सहज पास झाला असता इतकी होती.

या फाल्गुनात पुन्हा वार्षिक सभा आहे. ठराव मी तोच आणणार आहे, एक अक्षर न बदलता. रंगाऱ्याला विचारले आहे. वेलबुट्टीला धक्का लागत नाही, अर्ध्या दिवसाचे काम आहे. तुम्ही आमच्या वाचनालयाचे सभासद असाल तर या सभेला या. मुंबईला नोकरीला असाल तर आदल्या दिवसाची बोट धरा. सभासद नसाल तर तुमच्या गावच्या वाचनालयात, शाळेत, देवळात जो फलक असेल त्यासमोर जाऊन उभे राहा, कुणाच्या भगिनी, कुणाच्या मातोश्री म्हणून कोण बाई खाली दडपली आहे ते विचारा, आणि तिचे नाव लिहिले जाईपर्यंत विचारत राहा.

आणि सभेत बसाल तेव्हा, माझे बरोबर आहे की नाही ते मला मागाहून विहिरीपाशी सांगू नका. मत मागितले जाईल, तेव्हाच्या तेव्हा, सगळ्यांना दिसेल असा हात वर करा.